नाण्याची ग्रेड कुणाकडून करून घ्यावी?

नाणी जमवायला लागून दोन-तीन वर्षं झाली की एक प्रश्न हमखास समोर येतो. यातली काही नाणी ग्रेडिंगला पाठवावीत का, आणि पाठवायची तर कुणाकडे? पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांपैकी कोणती बरी? अ‍ॅनॅक्स ही तिसरी कंपनी स्वस्तात करते म्हणतात, मग तिथं पाठवलं तर काय बिघडलं? "अमुक कंपनी सगळ्यांत चांगली" असं ठाम उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं. माझ्या मते आधी स्वतःला विचारावं ते हे: या लेबलावर उद्या विश्वास कोणी ठेवायचा आहे? तुम्ही स्वतः, तुमच्याकडून नाणं घेणारा अनोळखी माणूस, की पुढे कधीतरी हा संग्रह ज्यांच्या हाती जाईल ती घरातली माणसं, ज्यांना नाण्यातलं काहीच कळत नाही? हे ठरलं की निम्मं काम झालं.

ग्रेडिंग म्हणजे काय हे आधी नीट पाहू, कारण बरेच गैरसमज तिथंच सुरू होतात. ग्रेडिंग कंपनी तीन गोष्टी करते. नाणं अस्सल आहे का ते तपासते, त्याची अवस्था किती चांगली आहे ते आकड्यात सांगते आणि नाणं लेबलासकट कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. स्लॅबचे दोन भाग ध्वनिलहरींच्या जोरावर जोडलेले असतात, त्यामुळे फोडल्याशिवाय तो उघडत नाही. फोडला तर खुणा राहतात.

आकडा १ ते ७० यांमधला असतो. ही मोजपट्टी १९४९ साली विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. त्यामागचा विचार गमतीचा होता: झिजून गुळगुळीत झालेल्या, जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला १ म्हणायचं आणि त्याच प्रकारचं निर्दोष नाणं त्याच्या ७० पट किमतीचं असेल तर त्याला ७० म्हणायचं. म्हणजे आकडा मुळात किमतीचं गुणोत्तर होता. बाजार बदलला, ते गुणोत्तर लवकरच कोलमडलं, आकडे मात्र राहिले आणि पुढे सगळ्याच नाण्यांना चिकटले. आज ६० च्या खालच्या ग्रेड मोठ्या उड्या मारत जातात: २०, २५, ३०, ३५, ४०, ४५, ५०, ५३, ५५, ५८. ६० पासून ७० पर्यंत मात्र एकेक आकडा वापरात आहे. हा अकरा पायऱ्यांचा पट्टा म्हणजे मिंट स्टेट, चलनात न फिरलेली नाणी. बहुतेक भांडणं याच पट्ट्यातली.

याची एक चमत्कारिक बाजू नवख्यांना कळत नाही. ५८ ग्रेडचं नाणं पुष्कळदा ६० किंवा ६१ पेक्षा देखणं असतं. ५८ वर झिजेची अगदी पुसट खूण असते, पण चकाकी जवळजवळ पूर्ण आणि मैदान, म्हणजे चित्राभोवतीची सपाट जागा, स्वच्छ. ६० वाल्याला झीज नसते, पण पोत्यात इतर नाण्यांवर आपटून त्याचा चेहरा खरचटलेला असतो. आकडा मोठा म्हणून नाणं सुंदर, असं नाही.

आता चकाकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ग्रेडिंगचा जीव तिथं आहे. ठशाचा घाव बसतो तेव्हा नाण्याचा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उमटतात. नाणं दिव्याखाली तिरपं करून हळूहळू फिरवलं की या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगरतात. हीच मूळ चकाकी. ती टाकसाळीत एकदाच मिळते. कापडाने, पावडरीने, टूथपेस्टने नाणं घासलं की या रेषा मोडतात. नाणं तेव्हा आधीपेक्षा उजळ दिसतं, पण प्रकाश आता फिरत नाही, तो सगळीकडून सारखा आणि मेलेला येतो. ग्रेडर हा फरक काही सेकंदांत ओळखतो.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो ते पैसे गेल्यावर. एक चांदीचं नाणं मी घेतलं होतं, पांढरंशुभ्र, जुनं असून कालच पाडल्यासारखं. मोठ्या आशेने ग्रेडिंगला पाठवलं. परत आलं तेव्हा लेबलावर आकडा नव्हता, "डिटेल्स, क्लीन्ड" लिहिलेलं होतं. त्या दिवशी मी ते तासभर एका दिव्याखाली फिरवत बसलो, तेव्हा कुठं दिसलं: मैदानावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा. कुणीतरी कधीतरी मायेनं पुसलं असणार. कंपनीचं काहीच चुकलं नव्हतं. मी प्रकाशाकडे पाहायच्या ऐवजी रंगाकडे पाहिलं होतं.

डिटेल्स म्हणजे नाणं अस्सल आहे, पण त्यात असा दोष आहे की स्वच्छ आकडा देता येत नाही. घासलेलं, ओरखडलेलं, दागिन्याला लावून मग काढलेलं, भोक बुजवलेलं, कृत्रिम रंग चढवलेलं, कडेला ठेच लागलेलं. पूर्वी मोठ्या कंपन्या अशी नाणी स्लॅबमध्ये न घालताच साध्या पिशवीतून परत करत. संग्राहक त्या पिशवीला बॉडी बॅग म्हणत, प्रेताच्या पिशवीवरून. आता बहुतेक जण दोषासकट नाणं बंद करून देतात. ते बरंच आहे. दुर्मीळ नाण्याच्या बाबतीत "खरं आहे" एवढं सिद्ध होणंसुद्धा मोलाचं असतं.

आता कंपन्यांकडे येतो. हा धंदा अमेरिकेत वाढला आणि मोठी नावं तिथलीच आहेत. सुरुवात अ‍ॅनॅक्सने केली. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशन या संग्राहकांच्या जुन्या संस्थेने १९७२ साली बनावट नाण्यांचा त्रास वाढल्यामुळे ही तपासणी सेवा काढली. १९७९ पासून ती ग्रेडही देऊ लागली, फोटो असलेल्या सर्टिफिकेटवर. अडचण अशी की सर्टिफिकेट वेगळं आणि नाणं वेगळं. नाणं बदललं तर? फोटो काळजीपूर्वक ताडून पाहण्याशिवाय उपाय नव्हता. १९८६ मध्ये पीसीजीएसने काम सुरू केलं तेव्हा नाणं आणि मत एकाच प्लास्टिकमध्ये बंद झालं आणि वर हमी आली: आमची ग्रेड चुकीची निघाली तर भरपाई आमची. नाणं न पाहता, केवळ स्लॅबवर विश्वास ठेवून ते विकत घ्यायला तयार असलेले व्यापारीही कंपनीशी जोडलेले होते. १९८७ मध्ये एनजीसी आली, याच धर्तीवर. तेव्हापासून या दोघींनी बाजाराचा मोठा भाग वाटून घेतला आहे. अ‍ॅनॅक्स पुढे संस्थेकडून विकली गेली, पण अजून चालू आहे. आयसीजी ही चौथी कंपनी १९९८ सालची.

या चौघींपैकी कुणाचं मत अधिक बरोबर, यावर वाद घालण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. सगळीकडे माणसंच पाहतात. साधारणपणे दोन-तीन ग्रेडर एकमेकांचं मत न जाणता नाणं बघतात, मालकाचं नाव त्यांच्यासमोर नसतं, आणि शेवटी एक अनुभवी माणूस आकडा पक्का करतो. एकच नाणं दोनदा पाठवलं तर एखाद्या पायरीचा फरक पडू शकतो, त्याच कंपनीतसुद्धा. म्हणून काही लोक स्लॅब फोडून नाणं पुन्हा पुन्हा पाठवतात, ६५ चे ६६ होतील या आशेने. अशा फोडाफोडीचा एक दुष्परिणाम आहे. कोणत्या ग्रेडची किती नाणी झाली याची जी यादी कंपन्या देतात, तिच्यात तेच नाणं दोन-तीनदा मोजलं जातं. यादीत "या ग्रेडची २०" दिसली तर खरी नाणी २० च असतील असं समजू नये.

मतं माणसांची असल्यामुळेच २००७ मध्ये सीएसीचा जन्म झाला. एनजीसी सुरू करणारे जॉन अल्बानीज यांनीच ती काढली. काम असं: पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलं नाणं पुन्हा पाहायचं आणि ते आपल्या ग्रेडमध्ये दमदार असेल तर स्लॅबवर हिरवा स्टिकर लावायचा. त्याहून वरच्या ग्रेडला शोभेल असं असेल तर सोनेरी. एकाच ग्रेडमध्ये दमदार आणि लेचीपेची अशी दोन्ही नाणी असतात, हे बाजाराने या स्टिकरला जादा पैसे मोजून मान्य केलं. २०२३ पासून सीएसीने स्वतःचं ग्रेडिंगही सुरू केलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. लेबलावर विश्वास कोणी ठेवायचा आहे?

विकायचं असेल तर उत्तर बाजार देतो, तुमची आवड नाही. मोठ्या लिलावगृहांचे, उदाहरणार्थ हेरिटेजचे, जुने निकाल कुणालाही पाहता येतात. तुमच्याच सालाचं, त्याच टाकसाळीचं, त्याच ग्रेडचं नाणं वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्लॅबमध्ये कितीला गेलं ते शोधा. एक-दोन निकालांवर जाऊ नका, दहा-बारा पाहा आणि फोटोही पाहा. या तासाभराच्या कामातून जे कळतं ते कुणाच्याही सल्ल्यातून कळत नाही. काही मालिकांत, म्हणजे एकाच प्रकारच्या वर्षानुवर्षं पाडलेल्या नाण्यांत, पीसीजीएसचा भाव ठळकपणे वर दिसेल, काहींत एनजीसी बरोबरीला असेल, आणि काही नाण्यांत फरक इतका थोडा निघेल की स्वस्त पडेल तिथं पाठवणंच शहाणपणाचं. अ‍ॅनॅक्स आणि आयसीजीच्या स्लॅबना विक्रीत बहुधा कमी भाव मिळतो. ते पुष्कळदा नाण्यावर अन्याय करणारं असतं, पण विकणाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

विकत घेणारा कोण असेल याचाही विचार करावा. पीसीजीएसच्या सेट रजिस्ट्रीत फक्त पीसीजीएसची नाणी चालतात. रजिस्ट्री म्हणजे संग्राहकांनी आपापले संच नोंदवून क्रमवारीसाठी चढाओढ करायची जागा. तुमचं नाणं अशा स्पर्धकांना हवं असेल, विशेषतः त्याच्या ग्रेडमध्ये सर्वोच्च असेल, तर निवड जवळजवळ आपोआप होते.

विकायचं नसेल तर चित्र पालटतं. स्वतःच्या संग्रहातलं नाणं अस्सल आहे का, एवढंच हवं असेल तर अ‍ॅनॅक्ससारखी कंपनी पुरेशी आहे. दोष असलेली नाणी आणि ठशांमधले बारीक फरक यांत तिचं नाव चांगलं आहे. मॉर्गन आणि पीस या जुन्या अमेरिकन चांदीच्या डॉलरच्या ठशांचे असंख्य उपप्रकार आहेत. ते ज्या यादीवरून ओळखले जातात तिला व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या दोन अभ्यासकांच्या नावांवरून व्हॅम म्हणतात. हे ज्यांचं वेड आहे अशी बरीच मंडळी मुद्दाम अ‍ॅनॅक्सकडे जातात.

प्राचीन नाण्यांची गोष्ट अगदीच वेगळी. ग्रीक, रोमन किंवा तशाच हाताने पाडलेल्या नाण्यांना १ ते ७० ची पट्टी नीट लागू पडत नाही, कारण दोन नाणी मुळातच सारखी नसतात. एनजीसीचा प्राचीन विभाग म्हणून शब्दांत ग्रेड देतो आणि शिवाय छाप किती नीट बसली याला ५ पैकी आणि पृष्ठभागाला ५ पैकी गुण देतो. ही पद्धत मला प्रामाणिक वाटते. पण हमीची कलमं इथं डोळ्यांत तेल घालून वाचावीत: एनजीसी प्राचीन नाण्यांच्या अस्सलपणाबद्दल आपलं मत देते, नेहमीची भरपाईची हमी त्याला लागू नसते. आधुनिक नाण्याच्या स्लॅबइतकं निश्चिंत राहता येत नाही. शिवाय प्राचीन नाण्यांचे पुष्कळ जुने संग्राहक स्लॅब मानतच नाहीत. त्यांना नाणं हातात घ्यायचं असतं, कड पाहायची असते, वजन जाणवायला हवं असतं. मीही त्यांच्याच बाजूचा आहे.

हमीची मर्यादा सगळ्यांनाच असते. तांब्याचं नाणं स्लॅबमध्ये असतानाही काळवंडू शकतं, त्याच्या रंगाची जबाबदारी कंपन्या बहुतेक घेत नाहीत. लेबलावर छापताना झालेली ढोबळ चूक, म्हणजे साल किंवा प्रकार उघडच चुकलेला, हीसुद्धा भरपाईत धरत नाहीत. तांब्याच्या ग्रेडमागे रेड, रेड-ब्राउन, ब्राउन असे शब्द असतात आणि भाव त्यांच्यावर फार अवलंबून असतो, म्हणून हे आधी माहीत हवं.

एकाच शब्दाचा अर्थ दोन कंपन्यांत वेगळा असू शकतो, हेही ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या फ्रँकलिन हाफ डॉलरच्या मागच्या बाजूला घंटा आहे, तिच्या खालच्या भागात आडव्या रेषांचे दोन संच आहेत. त्या अखंड उमटल्या असतील तर लेबलावर फुल बेल लाइन्स लिहितात आणि किंमत वाढते. पीसीजीएस त्यासाठी खालचा संच पाहते, एनजीसी दोन्ही मागते. म्हणजे तेच नाणं इकडे पात्र आणि तिकडे अपात्र ठरू शकतं. पाच सेंटांच्या जेफरसन निकलवर मागे असलेल्या इमारतीच्या पायऱ्या मोजतात, एनजीसी पाच आणि सहा पायऱ्यांना वेगवेगळं लेबल देते. आरशासारखं मैदान आणि त्यावर ठळक दुधी पांढरी आकृती असलेल्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, नाण्याला एक कंपनी डीप कॅमिओ म्हणते, दुसरी अल्ट्रा कॅमिओ. तुमची मालिका कोणती, त्यात कंपन्या नेमकं काय पाहतात, हे पाठवण्याआधी वाचणं म्हणजे फी वाचवणं.

फीचं गणित साधं आहे, पण लोक ते उशिरा करतात. फी नाण्याच्या जाहीर किमतीनुसार वाढते, शिवाय जाता-येता टपाल आणि विमा. हे सगळं धरून, आणि अपेक्षेपेक्षा एक ग्रेड खाली आली असं गृहीत धरून, नाण्याची किंमत खर्चापेक्षा चांगली वाढणार असेल तरच पाठवावं. गोणीभर मिळणाऱ्या नाण्याला ६४ मिळाली तर कुणालाच काही फायदा नाही. नव्याने पाडलेल्या नाण्यांच्या ७० ग्रेडबद्दल मी जरा कठोर आहे. आधुनिक यंत्रं इतकी नेमकी आहेत की कित्येक नाण्यांना ७० सहज मिळते, आणि जे सहज मिळतं त्याचा जादा भाव टिकत नाही. लेबलावरच्या फर्स्ट स्ट्राइक किंवा अर्ली रिलीजेस या शब्दांनीही फसू नये. नाणं पहिल्या घावांतलं आहे असा त्याचा अर्थ नाही. विक्री सुरू झाल्यापासून पहिल्या तीसेक दिवसांत ते कंपनीकडे पोचलं, एवढंच ते सांगतं.

या मोठ्या नावांपलीकडेही कितीतरी छोट्या कंपन्या स्लॅब देतात. काही ठिकाणी विकणारा आणि ग्रेड देणारा एकच असतो. तिथं प्रत्येक नाण्याला ६८ नाहीतर ६९ मिळते. अशी लेबलं ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: यांची ग्रेड चुकली तर पैसे कुणाच्या खिशातून जातात? उत्तर नसेल तर त्या स्लॅबमधलं नाणं सुट्टं आहे असं समजूनच त्याची किंमत ठरवावी.

आणि खऱ्या कंपन्यांचे खोटे स्लॅबही बाजारात फिरतात. लेबलावरचा नंबर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. नंबर जुळला म्हणून थांबू नका, कारण बनावट करणारे खऱ्या स्लॅबचाच नंबर उचलतात. तिथं फोटो असेल तर डाग, ओरखडे, रंगाचे ठिपके एकेक करून ताडा. पीसीजीएसच्या अलीकडच्या स्लॅबमध्ये फोनने वाचता येणारी चिप असते, तीही तपासा.

नाणं पाठवताना आणखी दोन-चार गोष्टी. कधीही पुसू नका, धरायचं ते कडेनं. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं असेल तर ते तिथून लगेच काढा. त्या प्लास्टिकमधल्या पीव्हीसीमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि तो धातू खात जातो. असा थर आलाच असेल तर घरी प्रयोग न करता मोठ्या कंपन्यांच्या संवर्धन विभागाकडे द्यावं. ते घासत नाहीत, रसायनाने थर विरघळवतात. एका कंपनीच्या स्लॅबमधलं नाणं दुसरीकडे न्यायचं असेल तर स्लॅब न फोडता क्रॉसओव्हरसाठी पाठवता येतं, किमान हवी ती ग्रेड लिहून. ती मिळाली नाही तर नाणं जुन्याच स्लॅबमध्ये परत येतं. फी मात्र जाते.

आणि कधी स्लॅब फोडलाच, तर आतलं लेबल फेकू नका. ते त्या कंपनीला परत पाठवा, म्हणजे तिच्या यादीतून ते नाणं वजा होईल आणि पुढच्या माणसाला यादीत एक खोटं नाणं कमी दिसेल.